केवळाबाईची चौकट

आजवर मी काढलेला सगळ्यात लहान नकाशा केवळाबाईच्या घराचा. आणि सगळ्यात जास्त धावपळ, आरडाओरडा आणि मजा झाली तीही त्याच घरापायी. मी घरांचे नकाशे काढतो आणि महापालिकेची बांधकाम परवानगी मिळवून देतो. विष्णुपुरीच्या रस्त्याला झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, त्यातली एक लंगडी. लोक येतात, दोन मजले सांगतात, पुढे गोल खांब सांगतात, जिन्याला काच सांगतात. एकाच्या घरात दुसऱ्याला सोडलं तर त्याला संडास बरोबर सापडेल, इतकी ती घरं सारखी. मी अगदी विटून गेलो होतो.

तशात एके दुपारी केवळाबाई आली. तिला मी मावशी म्हणतो, कारण पॉलिटेक्निकला असताना तीन वर्षं मी तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या बाजूला पोरांची एक मेस आहे, तिथं ती भाकरी थापते. बुटकी, काटक, कपाळावर मोठं गोंदण आणि बोलणं एकदम तोडून टाकल्यासारखं. तिनं लंगडी खुर्ची बरोबर ओळखली, ती सोडून दुसरीवर बसली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून प्लॉटचे कागद काढून टेबलावर ठेवले.

"आनंदा, मला घर बांधायचं हाय," ती म्हणाली. "शिल्पाचं पहिलं बाळंतपण माझ्या घरात झालं पायजे. सातवा लागून राहिला तिला."

शिल्पा तिची एकुलती एक लेक, लोह्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. बाळ दवाखान्यातच होणार, पण पुढचा सव्वा महिना बाज, शेक, तेलपाणी हे सगळं आईच्या घरी. आणि आईला घरच नव्हतं. मेसच्या मागं एका भाड्याच्या खोलीत ती राहायची. घरमालकानं बजावून ठेवलं होतं की पाहुणेरावळे चालतील, पण बाळंतपण आमच्या जागेत नको. विटाळ होतो म्हणे. हाच माणूस रोज संध्याकाळी तिच्याकडून फुकट भाकरी नेत असे, तेव्हा विटाळ होत नव्हता. असल्या माणसाचं नाव लिहायची माझी इच्छा नाही.

मी कागद उघडले. बारा फूट रुंद, पंचवीस फूट लांब. नवरा भागवत हयात असताना दोघांनी मिळून घेतलेला तुकडा, गुंठेवारीत रीतसर नियमित झालेला, दोन्ही बाजूंना साहेबराव आणि त्यांच्या भावाची जुनी घरं. अशा प्लॉटला आमच्या धंद्यात कोणी हात लावत नाही, कारण कष्ट बंगल्याएवढे आणि नाव काही होत नाही. पण मी त्या बारा फुटांकडे बघत राहिलो आणि मला एकदम तरतरी आली. हे कोडं होतं. कित्येक वर्षांनी कोणीतरी माझ्या पुढ्यात कोडं ठेवलं होतं.

आता नियम काय सांगतात ते ऐका. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, त्यामुळे तिकडे जागा सोडायला नको, पण तिकडे खिडकीही काढता येत नाही. हवा आणि उजेड येणार तो पुढून आणि मागून. म्हणून पुढे रस्त्याच्या बाजूला पाच फूट मोकळे सोडायचे, मागेही एक अरुंद पट्टा सोडायचा. राहिलं काय? लांबीत सतरा फूट. त्यात राहायची खोली अमक्यापेक्षा लहान नको, स्वयंपाकघर तमक्यापेक्षा लहान नको, न्हाणी-संडास हवा, खिडकी खोलीच्या मानानं मोठी हवी. हे नियम ज्यानं लिहिले त्यानं बारा फुटांचा प्लॉट जन्मात पाहिला नसावा, असं मी पहिल्या दिवशी म्हणालो. दुसऱ्या दिवशीही म्हणालो. तिसऱ्या दिवशी मात्र तीच खिडकी मोठी केल्यावर खोली कशी उघडली हे बघून गप्प बसलो.

मावशीला कागदावरचा नकाशा कळेना. "ह्यात बाज कुठं बसंल ते दाव," एवढंच ती विचारायची. शेवटी मेसच्या अंगणात मी फक्कीनं, म्हणजे पाया आखायच्या पांढऱ्या चुन्यानं, अख्खं घर खऱ्या मापात आखून दिलं. मग काय विचारता! जेवायला आलेली पोरं ताटं घेऊनच घरात शिरली. एक जण न्हाणीत उभा राहून आंघोळीचं सोंग करायला लागला, दोघं स्वयंपाकघरात मावत नाहीत म्हणून भांडले. मावशीनं आतून खरोखरची बाज आणवली आणि फक्कीच्या भिंतींच्या आत सगळीकडं फिरवून पाहिली. एका कोपऱ्यात बाज बसली, खाली शेगडी सरकवायला जागा उरली, आणि उशाला खिडकी आली. ती बाजेवर आडवी झाली, वर आभाळाकडं बघत थोडा वेळ पडून राहिली.

"बसतंय," ती म्हणाली. त्या एका शब्दावर मी घरी जाताना गाडी चालवत गाणी म्हणत गेलो.

मावशीची जिद्द समजायची तर तिचं आयुष्य थोडं सांगायला हवं. ती आणि भागवत इस्लापूरकडचे, किनवटच्या जंगलाच्या कडेचे. लग्नानंतर भागवत तिला घेऊन नांदेडला आला आणि बांधकामावर लागला. इकडे वसतिगृहं, क्लासेस, घरं सपाट्यानं उठत होती. बांधकामावर सिमेंट आणि सळ्या राखायला ठेकेदार एक कुटुंब अर्धवट इमारतीतच ठेवतो. ते कुटुंब म्हणजे हे दोघं. खिडक्यांना गज नाहीत, दाराच्या जागी पोत्याचा पडदा, खाली वाळू. राहायला मोठमोठ्या खोल्या. भागवत म्हणायचा, आपल्याइतकी घरं जिल्ह्यात कुणाला न्हाईत.

पण इमारत पुरी व्हायला लागली की ती सोडायची. चौकटी उभ्या राहिल्या की भागवत म्हणायचा, आता थोडेच दिवस. आणि सुतार दारं बसवायला आला की मावशी अंथरूण गुंडाळायला घ्यायची. दार बसलं की राखणदाराचं काम संपलं. मग नवी जागा, नवी वाळू, तोच पडदा. शिल्पाचा जन्म असाच एका वसतिगृहात, तळमजल्याच्या खोलीत, पोत्याच्या पडद्याआड झाला. आज तिथं पोरं अभ्यास करतात. मावशी त्या रस्त्यानं जाताना मला एक खिडकी दाखवायची आणि पुढं चालायची. भागवत गेल्यावर तिनं इमारती सोडल्या आणि मेस धरली, पण घर काही झालं नाही.

तर परवानगी आली. खरं सांगतो, बंगल्याच्या परवानगीला मी कधी पेढे वाटले नाहीत, या वेळी झेरॉक्सवाल्यालासुद्धा वाटले. दिवाळी नुकतीच झालेली, हवा कोरडी, काम धरायला याहून चांगले दिवस नाहीत. देगलूरकडचा व्यंकट मिस्त्री ठरला. मी स्वतः प्लॉटवर जाऊन फक्की मारली, पुढची रेघ रस्त्यापासून बरोबर पाच फूट आत. व्यंकटला समजावून सांगितलं, जोतं झालं की महापालिकेच्या उज्वला मॅडम येऊन मोजतील, त्यांचा होकार आला की मगच भिंती. त्यानं मान डोलावली. मग मी बहिणीच्या गृहप्रवेशासाठी लातूरला गेलो, आणि बहिणीनं आग्रह केला म्हणून आठवडाभर राहिलो.

परत आलो तो थेट प्लॉटवर गेलो. गल्लीच्या तोंडाशीच गुळाचा आणि तुपाचा वास आला. जोतं बांधून झालेलं, आणि त्याच्या पुढच्या कडेला, रस्त्याला अगदी खेटून, एक सागवानी चौकट उभी. अशी चौकट मी शहरात फार दिवसांत पाहिली नव्हती. जाड, तांबूस, वरच्या पट्टीवर कोरलेल्या वेली. झेंडूचं तोरण, हळदीकुंकवाची बोटं, माथ्यावर पिवळ्या फडक्यात बांधलेला नारळ. मावशीचा धाकटा भाऊ श्रीमंत इस्लापूरहून टेम्पोत घालून ती घेऊन आला होता. बहिणीच्या घराला चौकट माहेरची, असं त्यानं भागवतच्या तेराव्यालाच कबूल केलं होतं. बिचाऱ्याच्या नावातच काय ती श्रीमंती, तरी शब्द पाळला होता. मुहूर्त निघाला, पाच सवाष्णींनी पूजा केली, गल्लीला जेवण झालं. माझ्यासाठी ताट वाढून ठेवलेलं होतं.

मी ताट हातात घेतलं, एक घास खाल्ला, आणि मग माझ्या ध्यानात आलं की चौकट रस्त्याला खेटून आहे. ताट मी जोत्यावर ठेवलं. पुढं मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. व्यंकटला बोललो, श्रीमंतमामांना बोललो, रस्त्यानं जाणाऱ्या एका दुधवाल्यालाही बोललो असेन. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं ते काम होतं. पाच फूट पुढं! अख्खं घर उचलून पाच फूट पुढं ठेवलं होतं.

श्रीमंतमामा शांतपणे उभे होते. त्यांनी जागा बळकावायला हे केलं नव्हतं, हे मला पुढं कळलं, आणि त्यानं माझा राग आणखीच वाढला, कारण चांगुलपणावर ओरडताही येत नाही. त्यांच्या गावाकडे घराचं दार शेजाऱ्याच्या दारांच्या रांगेत असतं. एकानं घर मागं घेतलं तर गाव म्हणतं, हे घर रुसलंय, शेजाऱ्याशी याचं पटत नाही. इथं साहेबरावांचं दार रस्त्याला, त्यांच्या भावाचं दार रस्त्याला, ती घरं नियमाच्या आधीची. आणि माझी पांढरी रेघ मध्येच पाच फूट आत. मामांना वाटलं, इंजिनिअर पोरगा शहरातला, त्याला रीत कशी कळावी. आक्कानं पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांवर रुसायचं, हे त्यांना बरं दिसेना. म्हणून त्यांनी दोरी साहेबरावांच्या उंबऱ्यापासून भावाच्या उंबऱ्यापर्यंत ताणली आणि व्यंकटला म्हणाले, ह्या रेघेवर घे. साहेबरावांनीही या सौजन्याबद्दल चहा पाजला होता.

"मामा, चौकट काढून मागं घ्यावी लागंल," मी म्हणालो.

आतापर्यंत शांत असलेले मामा ताठ झाले. पुजलेली चौकट काढत नाहीत. उभी चौकट आडवी करणं म्हणजे घर मोडणं. आणि घरात पोटुशी लेक येणार असताना तर ते नावही काढायचं नाही. मला मुहूर्ताचं काही नाही. आमच्याकडे बुद्धवंदना झाली की काम सुरू, राहुकाळ पाहायचा नाही की दिशा. त्यामुळे मी तावातावानं सांगत राहिलो की चौकट म्हणजे लाकूड, चार खिळे काढले की सुटते. बोलता बोलता मी मावशीकडे पाहिलं. ती चौकटीला एका हातानं धरून उभी होती, जसं गर्दीत लहान पोराला धरतात तसं. 

जोत्याची तपासणी दुसऱ्याच दिवशी होती. पुढं ढकलावी असं मनात आलं, पण ढकलून दिवस कमी होणार होते, वाढणार नव्हते, आणि शिल्पाचे दिवस काही थांबणार नव्हते. परवानगी अडली तर भिंती नाहीत, वीज नाही, नळ नाही. बाज पुन्हा त्या घरमालकाच्या दारात, आणि तो तर आत घेणार नाही.

उज्वला मॅडम सकाळी स्कूटीवरून आल्या. तरुण बाई, मोजून बोलणारी, आणि तिच्या टेपपुढं कुणाचं काही चालत नाही अशी तिची ख्याती. तिनं माप घेतलं, नकाशा पाहिला, पुन्हा माप घेतलं. काय झालं ते मी सांगितलं, रुसलेल्या घराचंही सांगितलं. ती हसली नाही, पण रागावलीही नाही. ती म्हणाली की रांग साधायची माणसाची इच्छा तिला कळते, पण उद्या या गल्लीत आग लागली, बंब आला, तर तो साहेबरावांच्या उंबऱ्यावरून जाणार नाही. जुनी घरं आज ना उद्या नवी होतील तेव्हा तीही मागं सरकतील. भिंत पाच फूट मागं गेल्याशिवाय ती सही करणार नाही.

तेव्हा मावशी बोलली. आवाज चढला नाही, पण गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाई, म्या आजवर लई घरात राहिले. चौकट उभी राहिली की मला उठावं लागायचं. ही एक चौकट माझी हाय, अन् ती उभी राहिली तर तुमी तिलाच उठवून राहिलात."

मॅडमनं टेप गुंडाळायचा थांबवला.  श्रीमंतमामांनी डोईचा पटका काढून पुन्हा बांधला, आणि रागानं, अगदी टोचून, माझ्याकडं बघत म्हणाले, "चौकट हलत न्हाई. तुमाला एवढीच हौस असंल तर घर हलवा."

आणि मी उडालोच.  घर हलवा! घर होतंच कुठं अजून? चार फळ्यांची चौकट आणि गुडघाभर जोतं. नियम भिंतीला होता, छताला होता. प्लॉटच्या हद्दीवर कुंपण चालतं, आणि कुंपणाला फाटक चालतं. चौकट उभी होती ती बरोबर हद्दीवर. कारण साहेबरावांचा उंबरा हद्दीवर होता आणि मामांनी दोरी तिथून ताणली होती. चौकट जिथं आहे तिथं फाटक म्हणून राहील, तिच्या दोन्ही अंगांना बुटकं कुंपण, आणि भिंत पाच फूट मागं, माझ्या पहिल्या रेघेवर. मी हे एका दमात बोललो, मध्येच मराठी सोडून ऑफिसची भाषा बोललो, शेवटी फक्कीची पिशवी घेऊन जोत्यावरच रेघा मारायला लागलो. व्यंकट वाकून बघत होता. त्यानं एकच शंका काढली, पुढचं जोतं वाया जाणार. मी म्हटलं, अरे, पुढचे दगड उचल आणि मागच्या रिकाम्या जागेत लाव, तिथं तुला पाच फूट हवेतच.

मॅडमनं चौकटीवरच्या वेलींवरून बोट फिरवलं. मग तिनं अटी सांगितल्या. कुंपणाची उंची पाच फुटांवर जाऊ नये. चौकटीवर छत नको, पत्रा नको, पुढंमागं कधी सावलीला ताडपत्रीसुद्धा नको. मधली जागा उघडी राहिली पाहिजे. तेवढं पाळलं तर तिला आडवं यायचं कारण नाही. आणि जाता जाता ती म्हणाली, कोरीव काम सुंदर आहे. तिच्या तोंडून असं वाक्य महापालिकेत कोणी ऐकलं नसेल.

मामांना मात्र अजून पटेना. चौकट घराची हवी, फाटकाची कशी? त्यांनी मावशीला विचारलं, आक्का, तुझं घर कुठून धरायचं? मावशीनं उंबऱ्यावर पाय ठेवला, तो ओलांडून आत आली, वर बघितलं आणि म्हणाली, "हितून. हे पाच फूट आभाळ माझ्या घरातलंच हाय."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं. साहेबरावांचीही समजूत पटली. दार रांगेत होतं, घर मागं बसलं होतं, म्हणजे रुसवा नव्हता. आणि आता जे सुरू झालं त्याला काम नव्हे, जत्रा म्हणायला हवं. मेसची पोरं सुट्टीच्या दिवशी विटा वाहायला आली. मामांनी गावी जायचं नाव काढलं नाही. मी रोज संध्याकाळी जाऊन काहीही गरज नसताना माप घ्यायचो. व्यंकटनं आतल्या भिंतीला साधी लोखंडी चौकट लावली, आणि तिला कोणी हळदही लावली नाही, म्हणून ती बिचारी कायम परकी राहिली. भिंती चढल्या, छत पडलं, मोठी खिडकी बसली. त्या खिडकीतून सकाळचं ऊन अंगण ओलांडून थेट बाजेच्या कोपऱ्यात यायचं. नियमवाल्याला मी ज्या शिव्या दिल्या होत्या, त्यातल्या निम्म्या परत घेतल्या.

गल्लीला सुरुवातीला गंमत वाटायची. छातीएवढं कुंपण आणि मधोमध सात फुटांची कोरीव चौकट, वर मोकळं आभाळ. वारा यायला दार लागतं का, असं लोक विचारायचे. पण एक गोष्ट मी रोज पाहिली. कुंपणावरून मावशी समोर दिसत असली तरी माणूस चौकटीपाशी थांबायचा, चप्पल बाजूला सरकवायचा आणि विचारायचा, येऊ का. दुधवालासुद्धा.

दाराच्या फळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. सुतारानं आज देतो, उद्या देतो करत नाकी नऊ आणले, आणि त्या आल्या नेमक्या शिल्पा यायच्या दिवशी. जावयानं तिला लोह्याहून गाडीत आणून सोडलं. नववा लागलेला, चालणं जड झालेलं. मावशीनं तिला चौकटीबाहेर थांबवलं, भाकरीचा तुकडा आणि पाणी तिच्यावरून ओवाळून टाकलं आणि हाताला धरून आत घेतलं. अंगणात उन्हाला बाज टाकलेली होती. शिल्पा बसली, इकडं तिकडं पाहून घेतलं आणि म्हणाली, आई, केवढं मोठं हाय गं. मी नकाशे काढणारा माणूस, मला त्या घराचा इंच न् इंच पाठ होता, तरी मला तिचं म्हणणं खरं वाटलं.

व्यंकट आणि मामा चौकटीला दार बसवत होते. बिजागरीचे स्क्रू फिरत होते, फळी कुठं घासते ते बघून रंधा मारत होते. मी शिल्पाला खिडकीची थोरवी सांगत होतो. तेवढ्यात व्यंकटनं दार लावून पाहिलं. ते अलगद बसलं, नवं सागवान बसतं तसं, घट्ट आणि बिनआवाज.

मग माझ्या लक्षात आलं की मावशी आत नाही.

मी कुंपणावरून पाहिलं. ती बाहेर रस्त्यावर उभी होती, बंद दारासमोर. काखेत गुंडाळलेलं अंथरूण. रंध्याचा आवाज सुरू झाला तेव्हा कधीतरी तिनं ते आतून उचललं असणार, इतक्या वर्षांच्या सवयीनं, आणि आम्हा कोणाला ते दिसलं नव्हतं. तिलाही ते आत्ताच कळलं असावं. ती अंथरुणाकडं बघत होती. 

शिल्पा बाजेवरून कष्टानं उठली आणि कुंपणाशी आली. त्या पोत्याच्या पडद्यामागं जन्मलेली पोर ती, तिला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"आई," ती म्हणाली, "दार ढकल की. आपलंच हाय."

मावशीनं एक हात दारावर ठेवला. आधी हळू, मग जोर लावून. दार उघडलं. ती उंबरा ओलांडून आत आली, अंथरूण बाजेवर टाकलं, परत फिरून दार लावलं आणि कडी घातली. नव्या दाराची कडी आतून घालायची तिची ही पहिली वेळ होती, म्हणून तिनं ती काढली आणि पुन्हा एकदा घातली.